स्वरलिपी आणि साधक : ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या वाचनाचा चिकित्सक विचार

प्रस्तावना :

हिंदुस्थानी संगीत ही गुरुमुखी विद्या आहे, हे विधान मराठी संगीतसमीक्षेत इतक्या वेळा केले गेले आहे की त्याची चिकित्सा सहसा होत नाही. या विधानाच्या आधारे ‘पुस्तकावरून गाणे येत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. परंतु भोरसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या विद्यार्थ्याला पुण्यातील गुरूकडे जायचे तर सुमारे ५० किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. दोन तालमींमधील दिवसांत त्याच्या हाती पुस्तकच असते. म्हणून पुस्तकावरून एखादी अवघड बंदिश कितपत शिकता येते, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. पंडित वि. ना. भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती : क्रमिक पुस्तकमालिका’ या सहा भागांच्या ग्रंथाच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

स्वरलेखनाची पार्श्वभूमी :

बडोद्यात मौलाबक्ष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वरलेखनाचा उपयोग शिक्षणासाठी केला. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि वर्गातील सामुदायिक शिक्षणाला उपयुक्त अशी स्वतंत्र लिपी रूढ केली. भातखंडे यांचा हेतू थोडा वेगळा होता. घराण्यांत बंदिस्त असलेल्या चिजा संग्रहित करून त्या सर्वांसाठी खुल्या करणे, हे त्यांचे कार्य होते. या दोन लिप्यांतील चिन्हेही भिन्न आहेत. भातखंडे पद्धतीत स्वराखालील बिंदू मंद्र सप्तक दर्शवितो, तर पलुस्कर पद्धतीत मंद्रासाठी बिंदू स्वराच्या वर येतो. भातखंडे पद्धतीत स्वरावरील बिंदू हे तार सप्तकाचे चिन्ह असल्यामुळे, एक लिपी शिकलेला विद्यार्थी दुसरी वाचताना मंद्राऐवजी तार सप्तकात पोहोचण्याचा संभव असतो.

लिपी काय सांगते, काय सांगत नाही :

भातखंडे लिपीची साधने मोजकी आहेत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, एका मात्रेतील स्वरांखाली कंस, मींडेसाठी वर कमान, कणस्वर लहान अक्षरात आणि समेसाठी गुणिले चिन्ह. कंसात लिहिलेला ‘(प)’ हा एक स्वर नसून ‘ध प म प’ असा स्वरसमूह आहे. हे ठाऊक नसलेला वाचक तेथे केवळ पंचम गाईल.

तथापि खरी अडचण चिन्हांच्या अज्ञानाची नाही. दरबारी कानड्यातील कोमल गंधार आणि भीमपलासीतील कोमल गंधार या दोहोंना लिपीत एकच खूण आहे. पहिला मंद आंदोलनाने डोलणारा, तर दुसरा मध्यमाच्या आधाराने येणारा. कागदावर हा भेद दिसत नाही. लयीचेही तसेच आहे. ‘विलंबित’ या एका शब्दाखाली छापलेला ख्याल किती संथ गावा, हे पान सांगत नाही. उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांच्यानंतर रूढ झालेल्या अतिविलंबित लयीत तीच बंदिश गायची, तर प्रत्येक मात्रेतील स्वरांची मांडणी गायकालाच नव्याने करावी लागते.

येथे ग्रंथाच्या रचनेकडे लक्ष द्यावयास हवे. भातखंडे बंदिश एकटी देत नाहीत. रागाचा परिचय, स्वरविस्तार आणि लक्षणगीतही ते सोबत देतात. मारवा, पूरिया आणि सोहनी या रागांचे स्वर समान असले तरी पूरियाचा कल मंद्राकडे आणि सोहनीचा तार सप्तकाकडे आहे, हे स्वरविस्तारातून स्पष्ट होते. स्वरलिपीने सोडलेली जागा काही अंशी स्वरविस्तार भरून काढतो. जो विद्यार्थी स्वरविस्ताराची पाने उलटून थेट बंदिशीवर जातो, तो ग्रंथ अर्धाच वाचतो. ‘पुस्तकावरून गाणे येत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा या अर्धवट वाचनात असते.

पाश्चात्य गिटारचे उदाहरण :

लिपी मौन बाळगते, हा केवळ भारतीय पद्धतीचा दोष नाही. पाश्चात्य अभिजात गिटारवादन लिखित संहितेवर उभे आहे. तरीही गिटारच्या मोकळ्या पहिल्या तारेचा स्वर दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसऱ्या तारेच्या नवव्या आणि चौथ्या तारेच्या चौदाव्या पडद्यावरही मिळतो. पाच रेघांवरील एक टिंब यांपैकी कोणती जागा घ्यावी हे सांगत नाही. जागा बदलली की नादाचा रंग बदलतो आणि पुढच्या स्वरापर्यंत हात पोहोचेल की नाही, हेही त्यावरच ठरते. बाख यांच्या व्हायोलिनसाठीच्या ‘शाकोन’ या रचनेचे गिटारवरील रूपांतर आन्द्रेस सेगोविया (१८९३–१९८७) यांनी १९३५ मध्ये पॅरिसमध्ये सादर केले. बोटांची योजना हा त्या कार्याचा अविभाज्य भाग होता. सेगोविया बव्हंशी स्वयंशिक्षित होते, ही बाब येथे विशेष अर्थपूर्ण ठरते. संहिता जेथे थांबते तेथे वादकाचा निर्णय सुरू होतो.

अध्ययनाची दिशा :

यावरून स्वरलिपीच्या वाचनाचा एक क्रम सुचविता येतो. प्रथम हाताने ताल धरून केवळ शब्द मात्रांनुसार म्हणावेत. मुखडा कोणत्या मात्रेवरून उठतो आणि समेवर कोणते अक्षर येते, हे निश्चित करावे. त्यानंतर सरगम, मग शब्दांसह एकेक आवर्तन, आणि अखेरीस कण व मींड. त्याच रागाचे दोन-तीन गायकांचे ध्वनिमुद्रण ऐकून छापील स्वर कोठे वाकतात, याची नोंद पानावरच करावी. गुरूसमोर ही नोंदींसह प्रत ठेवल्यास अल्प तालमीतील वेळ चीज सांगण्यात न जाता शंकानिरसनासाठी उरतो.

परीक्षापद्धतीत मात्र बंदिशीची स्वरलिपी लिहिता येणे हाच ज्ञानाचा पुरावा मानण्याकडे कल दिसतो. लिहिलेली स्वरलिपी वाचून अपरिचित बंदिश गाता येणे ही याहून मूलभूत क्षमता आहे. अभ्यासक्रमात तिला स्थान मिळणे आवश्यक आहे.

समारोप :

कुमार गंधर्वांसारख्या स्वतंत्र प्रज्ञेच्या कलावंतानेही ‘अनूपरागविलास’ (१९६५) मध्ये आपल्या बंदिशी स्वरलिपीसह प्रसिद्ध केल्या. लिपी गाण्याला कुंठित करते, या समजाला हे पुरेसे उत्तर आहे. स्वरलिपी ही गायनाची प्रतिकृती नव्हे आणि त्याचा अपभ्रंशही नव्हे. बंदिशीचा किमान निश्चित भाग ती जतन करते आणि उरलेल्या भागाची जबाबदारी वाचकावर सोपविते. ज्या गावी गुरू रोज उपलब्ध नाही, तेथे ही जबाबदारी पेलण्याचे शिक्षण देणे हेच संगीताध्यापनाचे पहिले कर्तव्य ठरते.