तिरक्या ठळक देवनागरी अक्षराची परीक्षा

पोथीचा काळ ठरवितांना आपण बोरूची कापणी, दंडाचा झोंक व शिरोरेषेचा जाडपणा पाहतों. तीच कसोटी आजच्या मुद्रित अक्षरास लावण्याचें आम्हीं योजिलें आहे. नवी मुंबईंत वाशीपासून बेलापूरपर्यंत दुकानांच्या पाट्यांवर ठळक, तिरकें व सर्वत्र सारख्या जाडीचें देवनागरी अक्षर आढळतें. त्या जातीचा चांगला नमुना म्हणून ‘पॉपिन्स’ हें वळण येथें घेतलें आहे. इंडियन टाइप फाउंड्रीनें तें २०१४ सालीं काढिलें. त्यांतील देवनागरी निनाद काळे यांनीं रेखिली. जाडीच्या ९ पायऱ्या व प्रत्येकीस तिरका जोड, असे एकूण १८ प्रकार त्यांत आहेत.

रोमन लिपींतील तिरकें अक्षर धांवत्या हस्ताक्षरांतून निपजलें. १५०१ सालीं व्हेनिस येथें आल्डस मनुत्सियसनें ग्रिफोनें घडविलेल्या अशा अक्षरांत व्हर्जिल छापिला. त्या अक्षरांचे आकारच निराळे होते. आपल्याकडे धांवत्या हाताचें काम मोडीनें केलें. बाळबोध उभीच राहिली. त्यामुळें बाळबोध कलंडविली, तरी तिला धांवतें वळण लाभत नाहीं. दंड झुकतो, शिरोरेषा आडवीच राहते. ‘पॉपिन्स’मध्येंही आकार उभ्याचेच आहेत, झोंक तेवढा नवा. शिवाय त्याची घडण वर्तुळावर झाल्यामुळें बोरूचा जाड-बारीक भेद लोपला आहे.

तरी हें वळण टाकाऊ नव्हे. दोन-तीन शब्दांच्या नांवास तें गति व जोर देतें. त्याचा मोठा गुण उंचीचा. त्यांत देवनागरी अक्षर रोमन मोठ्या अक्षरांहून उंच ठेविलें आहे. नामफलकावरील मराठी अक्षर इतर लिपींच्या अक्षरांहून लहान नसावें, असें महाराष्ट्राच्या दुकानें व आस्थापना कायद्यांत २०२२ सालीं झालेल्या दुरुस्तीनें ठरविलें. ती अट येथें सहज पाळली जाते. परंतु ‘द्ध’, ‘ष्ट्य’ अशीं जोडाक्षरें ठळक होतांच त्यांतील पोकळी बुजते, व दुरून काळा ठिपकाच दिसतो. सलग मजकुरास तर हें अक्षर सर्वथा अयोग्य.

याहून वाईट प्रकार यंत्राकडून अक्षर ओढून घेण्याचा. गिरीश दळवी व यशोदीप घोलप यांच्या ‘मुक्ता’ या सुबक वळणांत जाडीच्या ७ पायऱ्या आहेत, तिरकी एकही नाहीं. तें बळेंच कलंडविलें म्हणजे गोलाई पिचकते व दंड रोडावतात. हा दोष वळणाचा नव्हे, पाटी करणाराचा होय.

कायद्यानें मराठी अक्षराची उंची मोजिली. आकार मोजणें हें जाणत्यांचें काम आहे. मोडीचे रुमाल जपणाऱ्या संग्राहकांनीं आजच्या पाट्यांचीं छायाचित्रें स्थळ व साल नोंदवून ठेवावीं, अशी आमची सूचना आहे. पाटी बदलली कीं जुनें अक्षर मागें उरत नाहीं, व पुढील संशोधकास या काळाच्या वळणाचा पुरावा लागेलच.