जामीन कोणी द्यायचा? अभिव्यक्तीच्या रक्षणासाठी संस्थांची भागीदारी



आयोजकांनी आम्हाला दिलेला विषय आफ्रिकेतला आहे. अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि माध्यमांचे हक्क यांसाठी तिथे ज्या संस्था एकमेकींच्या साथीने काम करतात, त्या भागीदारीकडे तत्त्वज्ञानाच्या अंगाने बघा, असे त्यांचे म्हणणे. आम्ही तो विषय घेतला, पण एक अट घातली. आफ्रिकेत जाताना आम्ही शनिवार-नारायण पेठेतून जाऊ. कारण दूरच्या माणसांचे धैर्य वाखाणणे फार सोपे असते.

आधी तिथले थोडेसे. २९ एप्रिल ते ३ मे १९९१ या काळात नामिबियाच्या राजधानीत, विंडहुक इथे, आफ्रिकेतले पत्रकार जमले. नामिबिया स्वतंत्र होऊन जेमतेम वर्ष झाले होते. तिथे त्यांनी एक जाहीरनामा केला: वृत्तपत्रे स्वतंत्र हवीत, अनेक हवीत आणि मोकळी हवीत. 'अनेक हवीत' यावर लक्ष द्या. सरकारी वृत्तपत्राच्या जागी एकाच उद्योगपतीची दहा वृत्तपत्रे आली तर त्याला स्वातंत्र्य म्हणायचे नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले. ३ मे हा जागतिक पत्रस्वातंत्र्य दिन आपण पाळतो तो या सभेमुळे. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकी प्रदेशातल्या देशांची मिळून एक माध्यमसंस्था उभी राहिली, देशोदेशी तिच्या शाखा झाल्या. एका देशात संपादक पकडला की शेजारच्या देशात आवाज उठायचा. ही पद्धत हुशारीची आहे, कारण स्वतःच्या सरकारविरुद्ध बोलण्यापेक्षा शेजाऱ्याच्या सरकारविरुद्ध बोलणे कमी धोक्याचे असते.

पण आम्ही इथे टीका करायला उभे आहोत, गौरव समारंभाला नाही. विंडहुकचा तो मूळ जाहीरनामा मुख्यतः छापील वृत्तपत्रांबद्दल होता. खंडातली बहुसंख्य माणसे बातमी ऐकत होती रेडिओवर, आणि रेडिओ सरकारच्या मुठीत. प्रसारणासाठी वेगळी सनद यायला २००१ साल उजाडले. जमलेली मंडळी वृत्तपत्रवाली होती, म्हणून त्यांना आधी वृत्तपत्र दिसले. याला आम्ही लबाडी म्हणणार नाही. पण हे ध्यानात ठेवा, पुढे आपल्याच राज्यातल्या एका कायद्यात हेच पुन्हा दिसणार आहे.

आता 'भागीदारी' हा शब्द. आपण तो दुकानातून घेतला आहे. दुकानातल्या भागीदारीची खूण कोणती? नफा वाटून घेतात ही नव्हे, नफा वाटून घ्यायला कोणीही तयार असतो. तोट्यात हिस्सा घेतो तो भागीदार. आज संस्था एकत्र येऊन जे करतात त्यातले बरेचसे संयुक्त निवेदन असते. खाली पंधरा-वीस संघटनांची नावे, वर 'तीव्र निषेध'. निषेध तीव्रच असतो, सौम्य निषेध आम्ही अजून वाचलेला नाही. निवेदनात तोटा कोणाचा होतो? कोणाचाच नाही. म्हणून आम्ही एक साधी कसोटी लावतो: ज्याचे म्हणणे आपल्याला पटत नाही, त्याच्यासाठी आपण काही गमावायला तयार झालो का?

या कसोटीला उतरणारे उदाहरण पुण्यातच आहे, आणि ते १८८२चे आहे. 'केसरी' आणि 'मराठा' सुरू होऊन वर्षभर झाले होते. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा छळ होतो आहे, त्यात कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे, असा मजकूर या पत्रांनी छापला. आधाराला घेतलेली पत्रे कोर्टात टिकली नाहीत. बदनामीचा खटला झाला, टिळक आणि आगरकर या दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यातले १०१ दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात काढले, आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिले. हे सगळे शाळेत शिकवतात. पण खटला चालू असताना जामीन कोणी दिला, हे शिकवायचे राहून जाते. दहा हजार रुपयांचा जामीन दिला रामशेठ बापूशेठ उरवणे यांनी. उरवणे सत्यशोधक, जोतीराव फुल्यांचे सहकारी, आणि हा जामीन उभा राहिला तो जोतीरावांच्या शब्दावर.

१८८२चे दहा हजार रुपये म्हणजे काय रक्कम, याचा अंदाज तुम्ही करा. आणि कोणासाठी? विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त जोतीरावांच्या भाषेची, व्याकरणाची आणि विचारांची यथेच्छ टर उडवली होती. 'केसरी' काढणाऱ्या मंडळींत तेच विष्णुशास्त्री होते. जोतीरावांना हिशेबच करायचा असता तर त्यांना गप्प बसता आले असते. हे लोक आपले नव्हेत, आणि शिवाय यांची माहितीही खरी निघालेली नाही! दोन्ही कारणे सबळ होती. तरी जामीन दिला, आणि सुटून आल्यावर सत्यशोधकांनी या दोघांचा सत्कारही केला.

इथे कोणी म्हणेल, छत्रपतींच्या घराण्याचा प्रश्न होता म्हणून जोतीराव पुढे झाले. तो भाग असणारच, आम्ही नाकारत नाही. माणसे शुद्ध तत्त्वासाठी काही करतात असे कांटलासुद्धा खात्रीने सांगता आले नाही. पण हेतू मिश्र असला तरी कृती स्पष्ट आहे. तोट्यात हिस्सा घेतला गेला.

त्या जामिनाची परतफेड झाली असे मात्र म्हणता येत नाही. पुढे मुलींच्या शाळेतल्या शिक्षणक्रमाचा वाद पेटला तेव्हा 'केसरी' जोतीरावांच्या उलट्या बाजूला उभा होता. आणि एका कोठडीत राहिलेले ते दोघे? १८८७ मध्ये आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले, १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा याच शहराच्या रस्त्यांवरून निघाली. सरकारविरुद्ध तुरुंगात एकत्र राहता आले, पण एका वृत्तपत्राच्या चार पानांत एकत्र राहता आले नाही. संस्थांची युती बाहेरच्या शत्रूमुळे टिकते तेव्हा तिच्यात आतल्या मतभेदाला जागा उरत नाही. आज एखाद्या पत्रकार संघटनेच्या निवडणुका बघा, आम्ही काय म्हणतो ते कळेल.

१८९७च्या राजद्रोह खटल्याबद्दल थोडक्यातच बोलतो. टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. त्यांच्या बचावासाठी बंगालमध्ये निधी जमला, त्या कामात रवींद्रनाथ ठाकूरही होते. शिक्षा कमी व्हावी म्हणून गेलेल्या अर्जावर माक्स म्युलर यांची सही होती. प्रांत वेगळा, भाषा वेगळी, देशही वेगळा. आज ज्याला आंतरराष्ट्रीय जाळे म्हणतात ते तारायंत्राच्या काळातही विणता येत होते.

आता एकदम आपल्या काळात येऊ. जेम्स लेन यांचे शिवाजी महाराजांवरचे पुस्तक २००३ मध्ये आले. त्यातल्या एका मजकुराने लोक दुखावले, आणि तो मजकूर आम्हालाही बेजबाबदार वाटतो. पुण्यातल्या एका संस्कृत अभ्यासकाच्या तोंडाला काळे फासले गेले, कारण पुस्तकात त्यांचे आभार मानले होते. मग ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला. हस्तलिखिते, ग्रंथ, कपाटे यांची नासधूस झाली. सगळ्या शहराने हळहळ व्यक्त केली. पण त्या हळहळीत एक गोष्ट शिताफीने बाजूला ठेवली गेली. संस्थेवरचा हल्ला निषेधार्ह, यावर एकमत होते. पुस्तकाचे काय? ते प्रकाशकाने आधीच, २००३च्या नोव्हेंबरात, मागे घेतले होते. ते मागे घ्या असे पत्र प्रकाशकाला लिहिणाऱ्यांत इतिहासाचे अभ्यासकही होते. पाठोपाठ राज्य सरकारने बंदी घातली. म्हणजे ग्रंथालयाचे सांत्वन झाले आणि ग्रंथ अनाथ राहिला.

त्या ग्रंथासाठी उच्च न्यायालयात कोण गेले? संघराज रूपवते हे वकील, आनंद पटवर्धन हे माहितीपटकार आणि कुंदा प्रमिला नीळकंठ या सामाजिक कार्यकर्त्या. या तिघांपैकी कोणी शिवकालाचा अभ्यासक नव्हे, कोणाचेही पुस्तक अडकलेले नव्हते. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, ९ जुलै २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. बंदीच्या आदेशात नेमक्या कोणत्या समाजगटांमध्ये वैर पसरेल हेच सांगितलेले नाही, हा त्यातला एक मुद्दा होता. पुण्यात विद्यापीठ आहे, इतिहास संशोधक मंडळ आहे, साहित्य परिषद आहे, वर्षभर चालणाऱ्या व्याख्यानमाला आहेत. त्या याचिकेच्या शिरोभागी यांतल्या एकाही संस्थेचे नाव नाही. आम्ही आयुष्य अशाच संस्थांच्या सभागृहांत घालवले, त्यामुळे हे सांगताना आम्हाला आनंद होत नाही.

उलट बाजूचेही उदाहरण द्यायला हवे. पत्रकारांवरचे हल्ले थांबावेत म्हणून महाराष्ट्रात अनेक पत्रकार संघटना एकत्र आल्या, पत्रकार हल्ला विरोधी कृती समिती झाली. ११ जून २०११ रोजी पवईत जे. डे यांचा खून झाला आणि मागणीला धार आली. मोर्चे, उपोषणे, प्रत्येक मुख्यमंत्र्याला निवेदने, हे सगळे वर्षानुवर्षे चालले. अखेर ७ एप्रिल २०१७ रोजी विधिमंडळाने कायदा मंजूर केला, राष्ट्रपतींची संमती २०१९ मध्ये मिळाली. एकमेकांच्या व्यासपीठावर न बसणाऱ्या संघटना एका मागणीवर इतकी वर्षे टिकल्या, हे मोठे काम आहे.

आता कायदा उघडून वाचा. हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे द्यायचा नाही. इथपर्यंत चांगले. पण संरक्षण कोणाला? ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो माध्यमसंस्थेत नियमित किंवा कंत्राटी नोकरीवर आहे त्याला. आम्हाला विचारावेसे वाटते, तालुक्याच्या गावचा वार्ताहर यात बसतो का? तो सकाळी शेतावर किंवा दुकानात असतो, दुपारी बातमी पाठवतो. त्याला पगार नसतो, जाहिरातीवर कमिशन असते. नेमणुकीचे पत्र मागितले तर संपादक हसतो. वाळूचा ट्रक कोणाचा हे त्यालाच ठाऊक असते आणि मारही तोच खातो. त्याने मार खाल्ला की पहिला प्रश्न: तुम्ही पत्रकार कशावरून? स्वतःच्या फोनवर गावची वाहिनी चालवणाऱ्या मुलीचे तर विचारूच नका. माहिती अधिकारात अर्ज टाकणारा कार्यकर्ता, पथनाट्य करणारा, कीर्तनातून दारूच्या गुत्त्यावर बोलणारा, हे सगळे बोलण्यासाठीच मार खातात. कायद्याच्या लेखी ते बघे आहेत.

शिवाय तक्रार खोटी ठरली तर तक्रारदार पत्रकारालाही तेवढीच शिक्षा. मोठ्या वृत्तसमूहाच्या मागे वकिलांची फौज असते, त्याला याचे भय नाही. एकट्या वार्ताहराला ही ओळ पोलीस ठाण्याच्या पायरीवरूनच परत पाठवते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापुरात शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडले गेले, दुसऱ्या दिवशी ते गेले. बारसूच्या प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पाशी संबंधित बातमी त्यांनी लिहिली होती. तेव्हा हा कायदा अस्तित्वात होता.

आमचा आक्षेप कायदा अपुरा आहे एवढाच नाही. जी भागीदारी व्यवसायाच्या नावाने होते ती व्यवसायापुरतेच मागते, आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला ओळखपत्र विचारते. विंडहुकला रेडिओ सुटला, मुंबईला वार्ताहर सुटला.

तरी आफ्रिकेतल्या संस्थांनी पुढे जे केले ते आपल्याकडे झाले नाही. बुर्किना फासोमधल्या एका साप्ताहिकाचे संपादक लोहे इसा कोनाते यांनी सरकारी वकिलावर भ्रष्टाचाराचे आरोप छापले. २०१२ मध्ये त्यांना वर्षाची कैद झाली. प्रकरण अरुशाच्या आफ्रिकी मानवी हक्क न्यायालयात गेले. तिथे अनेक देशांतल्या पत्रकार, लेखक आणि वकील यांच्या संघटनांनी मिळून त्यांच्या बाजूने मांडणी केली. ५ डिसेंबर २०१४ रोजी न्यायालयाने बदनामीबद्दल दिलेली कैद अवाजवी ठरवली, पुढच्या वर्षी त्या देशाने कायदा बदलला. आमच्याकडे १३ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बदनामीचा फौजदारी गुन्हा घटनात्मक ठरवला. त्या याचिकांमधली ठळक नावे तीन राजकीय नेत्यांची होती, तीन पक्षांची. तिघांवर खटले होते म्हणून तिघे तिथे पोचले. आता नव्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम ३५६ आहे, दोन वर्षांच्या कैदेसह. सामाजिक सेवेची शिक्षा तेवढी नवीन आली आहे.

पैशाचा प्रश्न राहतो. आफ्रिकेतल्या अशा संस्थांना उत्तर युरोपातल्या सरकारांनी भरपूर पैसा दिला. त्यामुळे कामे झाली, आणि त्यामुळेच 'हे कोणाच्या इशाऱ्यावर?' हा प्रश्न तिथल्या सरकारांच्या हाती आयता गेला. आपल्याकडे परदेशी देणगीचा कायदा आणीबाणीत, १९७६ मध्ये आला, २०१० मध्ये नव्याने झाला. नोंदणीकृत वृत्तपत्राचा वार्ताहर, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, संपादक, मालक यांना परदेशी पैसा घेता येत नाही. आम्हाला यात सगळेच वाईट दिसत नाही. पण मग पैसा इथलाच हवा. पुण्यात गणपती मंडळाला वर्गणी मिळते, वाचनालयाला देणगी मिळते, श्राद्धाच्या दिवशी अनाथाश्रमाला जेवण मिळते. वार्ताहराच्या वकिलाची फी देणारा निधी किती गावांत आहे?

जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केले. त्याआधी संयुक्त समितीकडे बारा हजारांहून जास्त सूचना आल्या होत्या, पत्रकार संघटनांनीही विरोध नोंदवला होता. मसुदा काही ठिकाणी बदलला, व्यक्तींचा उल्लेख गेला आणि संघटना राहिल्या. उद्या ज्या संघटनेवर याची पहिली कारवाई होईल ती बहुधा आपल्यापैकी पुष्कळांना न आवडणारीच असेल. तिच्या जामिनासाठी कोण उभे राहते, ते आम्ही बघणार आहोत. प्रश्नोत्तरांना वेळ आहे, माइक मागच्या रांगेपासून फिरवा.