मैत्रीचा शब्द आणि कराराचा शब्द : प्रिमाकोव्ह यांच्या अरबविषयक ग्रंथाचे परीक्षण

येवगेनी प्रिमाकोव्ह यांचा अरब जगताविषयीचा ग्रंथ २००६ मध्ये रशियन भाषेत प्रसिद्ध झाला आणि २००९ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. आपल्याकडील अभ्यासक तो बहुधा ह्या भाषांतरावरूनच वाचतात व त्यातील विधाने प्रबंधांत उद्धृत करतात. म्हणून प्रथम शीर्षकाकडेच लक्ष वेधणे अवश्य आहे. मूळ शीर्षकाचा अर्थ ‘गोपनीय : निकटपूर्व, रंगमंचावर आणि पडद्यामागे’ असा आहे. इंग्रजीत त्याचे ‘रशिया आणि अरब’ झाले. पडद्यामागचा भाग उपशीर्षकात राहिला, ‘गोपनीय’ गळाले आणि ‘निकटपूर्व’ जाऊन ‘मध्यपूर्व’ आले. भाषांतरकारास दोष देण्याचे कारण नाही. इंग्रजी वाचकास जे नाव परिचित तेच त्याने योजिले. परंतु रशियन धोरणाचा अभ्यास करणाऱ्याच्या हातून एक महत्त्वाचे विशेषण ह्या अदलाबदलीत निसटते.

ते विशेषण ‘ब्लिझ्नी’, म्हणजे जवळचा. नामाप्रमाणे योजिल्यास ख्रिस्ती धर्मग्रंथातील ‘शेजारी’ ह्या अर्थीही हाच शब्द येतो. सोव्हिएत निवेदनांत ह्या प्रदेशाचा उल्लेख आपल्या दक्षिण सीमेच्या अगदी निकटचा प्रदेश असा वारंवार होत असे, आणि तेथे लक्ष घालण्याचा आपला अधिकार ह्या निकटतेवरूनच मॉस्को सिद्ध करीत असे. १९९१ नंतर भूगोल बदलला. रशियाची तुर्कस्तान व इराण यांच्याशी असलेली भूसीमा संपली. तेच विशेषण मग पूर्वीच्या सोव्हिएत प्रजासत्ताकांसाठी, ‘निकटचे परदेश’ ह्या नव्या शब्दप्रयोगात, वापरले जाऊ लागले. अरब प्रदेश नावाने निकट राहिला, परंतु निकटतेचा पहिला मान आता दुसऱ्यांकडे गेला. (आपण मराठीत ‘मध्यपूर्व’ म्हणतो ती तर निव्वळ इंग्रजीची उसनवारी, मुंबई बंदरातून अरबस्तानास निघालेले गलबत पश्चिमेस जाते. ‘पश्चिम आशिया’ हेच नाव आपण रूढ करावे हे बरे.)

प्रिमाकोव्ह यांचा अधिकार निर्विवाद आहे. १९५३ मध्ये मॉस्कोच्या प्राच्यविद्या संस्थेतून ते अरबी शिकून बाहेर पडले. साठाच्या दशकात ‘प्राव्दा’चे बातमीदार म्हणून ते कैरोत राहिले. उत्तर इराकच्या डोंगरांत जाऊन त्यांनी कुर्द नेते मुस्तफा बारझानी यांच्या भेटी घेतल्या. सोव्हिएत संघाचे इस्रायलशी राजनैतिक संबंध तुटलेले असताना १९७१ मध्ये ते गुप्तपणे गोल्डा मेयर यांस भेटून आले. पुढे गुप्तवार्ता खात्याचे प्रमुख, १९९६ मध्ये परराष्ट्रमंत्री व १९९८ मध्ये पंतप्रधान झालेला हा लेखक पाहिलेले आणि केलेले सांगतो. नासर, अराफत, हाफिज असद, सद्दाम यांची त्याने रेखाटलेली चित्रे ग्रंथालयात बसून कोणास काढता आली नसती. अरब क्रांत्या मुळात राष्ट्रवादी होत्या आणि सोव्हिएत सिद्धान्तकारांनी त्यांना ‘अ-भांडवली मार्ग’, ‘समाजवादी अभिमुखता’ अशा संज्ञांत बसविण्याची खटपट केली, हेही तो मोकळेपणाने मांडतो. ज्या व्यवस्थेत तो वाढला तिच्याविषयीची ही कबुली लहान नव्हे.

तथापि ह्याच ठिकाणी आमचा मतभेद सुरू होतो. सिद्धान्ताच्या परिभाषेची चिकित्सा प्रिमाकोव्ह करतात. राजनयाच्या परिभाषेची करीत नाहीत. मॉस्कोने जे म्हटले त्याचा अर्थ मॉस्कोला अभिप्रेत होता तोच, असे गृहीत धरून ते पुढे जातात. ऐकणाऱ्याने काय ऐकले हा प्रश्न त्यांच्या विवेचनात गौण राहतो आणि अपयशाचे खापर अरब नेत्यांच्या स्वभावावर वा अमेरिकेच्या उतावळेपणावर फुटते.

१९६७ चेच उदाहरण घ्या. इस्रायल सीरियाच्या सीमेवर सैन्य जमवीत आहे अशी खोटी वार्ता त्या वर्षीच्या मे महिन्यात मॉस्कोकडून ईजिप्तला मिळाली. महिनाअखेरीस ईजिप्तचे युद्धमंत्री शम्स बद्रान मॉस्कोस गेले. अधिकृत बैठकांत त्यांना संयमाचाच सल्ला मिळाला. परंतु परतताना विमानतळावर मार्शल ग्रेच्को यांनी त्यांना धीराचे, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत अशा आशयाचे शब्द ऐकविले आणि बद्रान यांनी कैरोत तेच आश्वासन म्हणून सांगितले. पुढे ईजिप्तच्या राजदूताने विचारले तेव्हा, निरोप घेताना दोन शब्द बोललो इतकेच, असे ग्रेच्को यांनी हसून सांगितल्याची हकीगत हेकल यांनी नोंदविली आहे. वाक्य एकच. बोलणाऱ्याच्या लेखी तो निरोपाचा उपचार, ऐकणाऱ्याच्या लेखी ते वचन. सोव्हिएत संघास युद्ध नको होते हे प्रिमाकोव्ह यांचे म्हणणे आम्हांस पटते. पण त्याने बद्रान यांनी काय ऐकले ह्याचा उलगडा होत नाही.

त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २४२ एकमताने संमत केला. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास ह्याहून उद्बोधक राजकीय मजकूर क्वचितच सापडेल. इस्रायलने व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी असे सांगताना इंग्रजी पाठात ‘टेरिटरीज’ ह्या नामापूर्वी निश्चयवाचक उपपद नाही. फ्रेंच पाठात ‘दे’ आहे व त्याचा निश्चयवाचक अर्थ सहज लागतो. रशियन भाषेत उपपद हा प्रकारच नाही. आपल्या मराठीतही तो नाही. ‘व्यापलेल्या प्रदेशांतून’ म्हटले की सर्व की काही, हे प्रसंगावरूनच ठरवावे लागते. ज्यांच्या भूमीविषयी हा वाद होता त्यांची अरबी तेव्हा राष्ट्रसंघाची अधिकृत भाषा नव्हती. तो दर्जा तिला १९७३ मध्ये मिळाला.

सोव्हिएत प्रतिनिधी कुझ्नेत्सोव्ह यांनी परिषदेत ‘सर्व’ हा शब्द उच्चारला आणि त्याची पुनरुक्तीही केली. परिषदेचा तत्कालीन सदस्य ह्या नात्याने भारतानेही, जी. पार्थसारथी यांच्या मुखाने, ठरावाचा अर्थ संपूर्ण माघार असाच आपण घेतो असे नमूद केले. मात्र तो शब्द भाषणात राहिला, ठरावात आला नाही. स्वतःचा निराळा मसुदा दोनच दिवसांपूर्वी मांडलेला असताना मॉस्कोने त्यावर मतदानाचा आग्रह धरला नाही. बंधनकारक शब्द मजकुरात न घालता मजकुराशेजारी उच्चारावा ही रीत येथे जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच दिसते. मात्र ही रीत एकट्या रशियाची नव्हे. ब्रिटिश मसुद्यातील उपपदाचा अभावही काही अपघात नव्हता.

मग मैत्रीचे करार आले : २७ मे १९७१ रोजी ईजिप्तशी, एप्रिल १९७२ मध्ये इराकशी, ऑक्टोबर १९८० मध्ये सीरियाशी. अरबीत मैत्रीसाठी योजिलेला ‘सदाका’ हा शब्द सत्यवाचक धातूपासून आलेला आहे. रशियन ‘द्रुझ्बा’चे नाते ‘द्रुगोय’, म्हणजे ‘दुसरा’, ह्या शब्दाशी जुळते. व्युत्पत्तीवरून राजकारण सिद्ध करणे हा बालिशपणा होईल, म्हणून कलमांकडेच वळू. शांततेस धोका उद्भवल्यास दोन्ही पक्षांनी विनाविलंब संपर्क साधून आपल्या भूमिका जुळवाव्यात, एवढेच ईजिप्तच्या करारात होते. त्याच वर्षी ९ ऑगस्टला भारताशी झालेल्या करारात विचारविनिमयापुढे जाऊन धोका दूर करण्यासाठी परिणामकारक उपाय योजण्याची भाषा आहे. ही दोन कलमे आमच्या विद्यार्थ्यांनी शेजारी ठेवून वाचावीत. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. १९७० मध्ये सोव्हिएत वैमानिक व क्षेपणास्त्र-पथके ईजिप्तच्या संरक्षणास प्रत्यक्ष उभी राहिली तेव्हा कोणताही मैत्री-करार नव्हता. करार झाल्यानंतर अवघ्या चौदा महिन्यांत, जुलै १९७२ मध्ये, सादात यांनी हजारो सोव्हिएत सल्लागारांस परत पाठविले. ईजिप्शियन लोक त्यांना ‘खुबरा’ म्हणत. आपल्या ‘खबर’ शब्दाचे मूळ तेच. पंधरा वर्षांचा तो करार मार्च १९७६ मध्ये रद्द झाला.

प्रिमाकोव्ह ह्या प्रकरणात सादात यांच्या मनाचा शोध घेतात आणि तो शोध वाचनीय आहे. पण करारपूर्वीची मदत आणि करारोत्तर दुरावा यांचा मेळ ते घालीत नाहीत. मॉस्को शस्त्रे देऊ शकत होते, भूमी परत मिळवून देऊ शकत नव्हते, आणि ‘मैत्री’ ह्या शब्दाने ही उणीव झाकली जात होती. सादात यांना ती दिसली, म्हणून ते वॉशिंग्टनकडे वळले. केवळ स्वभावदोषाने हे घडले असे मानणे आम्हांस कठीण वाटते.

१९९० च्या ऑक्टोबरात व पुन्हा १९९१ च्या फेब्रुवारीत लेखक गोर्बाचेव्ह यांचा दूत म्हणून बगदादला गेला. २००३ च्या फेब्रुवारीत पुतिन यांचा निरोप घेऊन, सद्दाम यांनी पद सोडावे असे सुचविण्यास गेला. सद्दाम यांनी ते मानले नाही. ह्या भागात ‘मित्र’ जाऊन ‘मध्यस्थ’ येतो. ज्या इराकशी १९७२ मध्ये मैत्री-करार झाला त्याच्याविरुद्ध बळाच्या वापरास मुभा देणाऱ्या नोव्हेंबर १९९० च्या ठरावास सोव्हिएत संघाने अनुकूल मत दिले होते. मित्राचा मध्यस्थ कधी झाला ह्या प्रश्नापाशी लेखक थांबत नाही, हे ग्रंथाचे सर्वांत मोठे न्यून होय.

प्रिमाकोव्ह जून २०१५ मध्ये निवर्तले. तीनच महिन्यांनी रशियन विमाने सीरियात उतरली. डिसेंबर २०२४ मध्ये बशर असद यांनी मॉस्कोत आश्रय घेतला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांस पदच्युत करणारे अहमद अल्-शरा यांचे क्रेमलिनमध्ये स्वागत झाले. जानेवारी २०२५ मध्ये इराणशी झालेल्या करारात एका पक्षावर आक्रमण झाल्यास दुसऱ्याने आक्रमकास साहाय्य करू नये असे कलम आहे. साहाय्यास धावून जावे असे नाही. जून २०२५ मध्ये इराणवर बाँबवर्षाव झाला तेव्हा मॉस्कोने निषेध केला व मध्यस्थीची तयारी दर्शविली. कराराच्या शब्दांत ह्यापलीकडे काही नव्हतेच.