ठरलेल्या तासाचा खेळ : सॅटेलाव्ह्यू आणि इम्युलेशन

मंडळी, इम्युलेशनचं कौतुक करणारे बरेच भेटतात आणि ते कौतुक रास्तच आहे. बंद पडलेल्या यंत्राची नक्कल आजच्या संगणकात करायची, जुना खेळ पुन्हा चालवायचा, हे काम बहुतेक वेळा हौशी लोकांनी केलंय. पण समीक्षा करायला बसलो तर एक प्रश्न आडवा येतो : समोर जो चालतोय तो तोच खेळ आहे का? एरवी हा शब्दच्छल वाटेल. सॅटेलाव्ह्यूच्या बाबतीत मात्र तो टाळता येत नाही.

सॅटेलाव्ह्यू म्हणजे निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉमच्या खाली बसणारं जोडयंत्र. एप्रिल १९९५ मध्ये आलं, ते फक्त जपानात. खेळ यायचे उपग्रहावरून. प्रसारण करणार सेंट गीगा, म्हणजे भरती-ओहोटीच्या तालावर कार्यक्रम बेतणारं एक रेडिओ केंद्र. (हशा) हसू नका, खरंच तसं होतं. आलेला खेळ १ मेगाबाइटच्या मेमरी पॅकवर उतरवून घ्यायचा. काही खेळ ठरावीक वेळाच सुरू होत, मग बंद. २००० च्या जूनअखेर प्रसारणच थांबलं.

यातला खरा नवा प्रकार होता साउंडलिंक. खेळाचा प्रोग्रॅम पॅकवर यायचा, पण निवेदकाचा आवाज आणि संगीत त्याच वेळी रेडिओसारखं थेट ऐकू यायचं. ते पॅकवर साठत नव्हतं. ऑगस्ट १९९५ मधला 'बीएस झेल्डा' घ्या. चार आठवडे, दर आठवड्याला एक तास. पडद्यावर घड्याळ चालू. अमुक मिनिट आलं की शत्रू जागीच थिजायचे, तमुक मिनिटाला बॉम्ब हवे तितके मिळायचे, आणि निवेदक सांगायचा की आता घाई करा. जपानभरच्या मुलांना हे एकाच क्षणी ऐकू येत होतं. तुम्ही खेळ थांबवलात तरी प्रसारण थांबत नसे. आई जेवायला हाक मारतेय, तर मारू दे.

आज हा खेळ इम्युलेटरवर खेळून लोक सहज म्हणतात, की ही १९८६ च्या झेल्डाचीच रंगवलेली, आटोपशीर आवृत्ती आहे. मला हा निकाल चुकीचा वाटतो. नकाशा साधा आहे, मान्य. पण तो साधा असायलाच हवा होता, कारण खेळणाऱ्याचं अर्धं लक्ष कानात होतं. आपले नाटकवाले संहिता आणि प्रयोग असा भेद करतात ना, तसंच हे आहे. पॅकवर उरली ती संहिता. ती वाचून 'नाटक पातळ आहे' म्हणायचं, तर प्रयोग पाहिलेल्याला आधी विचारायला नको का?

उलट उदाहरणही आहे. १९९६ चा स्क्वेअरचा 'रॅडिकल ड्रीमर्स' हा याच यंत्रावरचा खेळ जवळजवळ सगळा मजकुराचा, म्हणजे वाचत वाचत खेळायचा. त्याला थेट आवाजाची गरज नव्हती, त्यामुळे तो अख्खा तरला आणि २०२२ मध्ये 'क्रोनो क्रॉस'च्या नव्या आवृत्तीबरोबर अधिकृतपणे परत आला. म्हणजे काय तरतं हे गुणवत्तेवर ठरलं नाही. पॅकवर मावलं ते तरलं.

मग हौशी मंडळींनी काय केलं? त्या वेळी कुणी कुणी घरी टेपवर केलेली ध्वनिमुद्रणं शोधली, आवाज आणि संगीत पुन्हा जुळवलं. तो आवाज वाजवायला त्यांनी एमएसयू-१ नावाची चिप वापरली. गंमत अशी, की निन्टेन्डोनं ही चिप कधी बनवलीच नव्हती. बीएसनेस या इम्युलेटरच्या कर्त्यानं ती कल्पून काढली. शुद्धतावादी नाकं मुरडतात. मी म्हणेन, मूळ यंत्राशी अशी बेइमानी करूनच मूळ अनुभवाच्या थोडं जवळ जाता आलं. निवेदक पुन्हा बोलू लागला, हे लहान काम नाही.

मात्र तिथेच इम्युलेटर आणखी एक सोय हातात ठेवतो : हवं तिथे खेळ गोठवा, मागे जा, पुन्हा करा. बाकी खेळांत ही सोय मला आवडते, मीही वापरतो. इथे ती खेळाचा कणाच काढून घेते, कारण घड्याळ हाच इथला मुख्य शत्रू आहे. पुनर्रचना करणाऱ्यांनी त्या एका तासापुरती ही सोय बंदच ठेवावी, ज्याला हवी त्यानं मुद्दाम चालू करावी, असं माझं मत आहे. यावर भांडायला माझी तयारी आहे.

आणि एक लक्षात घ्या. पॅक पुन्हा पुन्हा वापरायचा असे. नवा खेळ उतरवला की जुना पुसला जायचा. त्यामुळे जपानच्या जुन्या बाजारात एखादा पॅक हाती लागला की जतन करणारे आधी तो वाचून बघतात : कुठल्याशा घरातल्या मुलानं त्यावर शेवटचं काय उतरवलं होतं?