वृत्तनिवेदकाची वाणी

वृत्तनिवेदनाला वाङ्मयीन विचारात स्थान द्यावे काय, असा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला गेला आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि प्रमाण मराठीचे बोलते रूप डोळ्यांसमोर आले. ते घडविणाऱ्यांत प्रदीप भिडे यांचे स्थान मोठे आहे. ७ जून २०२२ रोजी ते निवर्तले. तत्पूर्वी सुमारे चार दशके त्यांनी बातम्या वाचल्या.

मराठी वाक्याचा अर्थ बहुधा शेवटच्या क्रियापदात पूर्ण होतो. वाचणाऱ्याचा स्वर त्याआधीच खचला, तर वाक्य पांगळे होते. भिडे यांचा स्वर अखेरपर्यंत टिकून राही. विशेषनामे स्वच्छ उमटत. वार्ता निधनाची असो वा विजयाची, शोक-हर्षाचा निर्णय ते श्रोत्यावर सोपवीत.

तथापि या गुणाला मर्यादाही होती. अमेरिकेतील वॉल्टर क्रॉंकाइट १९६२ ते १९८१ या काळात सीबीएसच्या सायंवार्ता सांगत; परंतु ते मुळात बातमीदार होते. व्हिएतनाम प्रत्यक्ष पाहून आल्यावर २७ फेब्रुवारी १९६८ रोजी त्यांनी युद्धाविषयी आपले मत उघडपणे मांडले. भिडे यांच्या पदाला असा अधिकार नव्हता. हाती आलेला मजकूर वाचणे एवढेच त्यांचे कार्य होते. म्हणून त्यांची वाणी आदर्श मानावी, त्या पदाचे मौन मात्र मानू नये.

पांढुर्णा-सौंसरच्या मराठी भाषकांना हा भेद विशेष जाणवतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. घरी मराठी आणि कचेरीत हिंदी असा संसार चालू आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते आणि कॅमेरे येतात. वार्ताहर जखमींचा आकडा उच्चरवाने सांगतो. पण पांढुर्णा व सावरगाव या दोन तीरांचे नाते काय, नदीत रोवलेल्या पळसाचे महत्त्व काय, आणि ही प्रथा का थांबत नाही, हे विचारीत नाही. तेथे क्रॉंकाइटची जिज्ञासा नसते आणि भिड्यांचा संयमही नसतो.

शिक्षकांनी वर्गात एखादी बातमी मोठ्याने वाचून घ्यावी आणि नंतर तिच्यात काय सांगितलेले नाही, हे मुलांना विचारावे. वाणी आणि विवेक यांचे शिक्षण एकत्रच झाले पाहिजे.