‘आकार’ या शब्दाची कसोटी : अणुकेंद्रविज्ञानाच्या मराठीविषयी

‘गॅमा किरणांच्या साहाय्याने शास्त्रज्ञांनी विदेशी अणुकेंद्रांचा आकार पाहिला’ असे वाक्य मराठीत सहज लिहिले जाईल. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. परंतु त्यातील ‘विदेशी’, ‘आकार’ व ‘पाहिला’ हे तिन्ही शब्द कसोटीस उतरत नाहीत. कारण ज्या अनुमानाच्या आधारावर हे शास्त्र उभे आहे, ते अनुमानच त्यांत लोपून जाते.

प्रथम ‘आकार’ हा शब्द घेऊ. मराठीत वस्तूची घडण आणि तिचे मोठेपण या दोन्ही कल्पना या एकाच शब्दाने व्यक्त होतात. शास्त्रीय लेखनात दुसरीसाठी ‘आकारमान’ हा शब्द योजला जातो खरा. तथापि बोलीचा ओढा भेद पुसण्याकडेच असतो. नाशिक जिल्ह्यातील कळवणच्या कांदाबाजारात याचे बोलके उदाहरण सापडते. तेथे लहान कांद्यास ‘गोल्टी’ म्हणतात. शब्दाचे नाते ‘गोल’शी, म्हणजे घडणीशी, प्रतवारी मात्र मोठेपणाची. बाजारात यामुळे घोटाळा होत नाही, कारण कांदा डोळ्यांसमोर असतो. अणुकेंद्र कधीच डोळ्यांसमोर नसते. तेथे घनफळ जवळजवळ तेच राहूनही ते गोल, लांबट की चपटे, हा प्रश्न असतो. म्हणून शब्दानेच भेद राखला पाहिजे.

‘पाहिला’ हे क्रियापद त्याहून सदोष होय. पाहिली जाते ती गॅमा किरणांची ऊर्जा व तीव्रता. त्यांवरून ऊर्जापातळ्यांची शिडी रचली जाते. कोनीय संवेगांक ४ व २ असलेल्या पातळ्यांच्या ऊर्जांचे गुणोत्तर ३.३३ च्या जवळ असेल, तर विरूपित अणुकेंद्राचे परिवलन संभवते. २ च्या जवळ असेल, तर गोल अणुकेंद्राचे कंपन. कॅल्शियम-४० व मॅग्नेशियम-३२ या दोहोंत २० न्यूट्रॉन आहेत, आणि २० ही स्थैर्याची ‘जादूई’ संख्या मानली जाते. परंतु कोनीय संवेगांक २ असलेली पहिली पातळी कॅल्शियममध्ये ३.९ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टवर, तर मॅग्नेशियममध्ये अवघ्या ०.८८५ वर आहे. जपानमधील रिकेन येथे १९९५ मध्ये कूलॉम उद्दीपनाने या संक्रमणाची प्रबलता मोजण्यात आली व मॅग्नेशियम-३२ च्या विरूपणास भक्कम आधार मिळाला. तरीही एवढ्या प्रबलतेवरून विरूपण किती, हेच कळते. ते लांबट की चपटे, हे ठरविण्यास आणखी सूक्ष्म मापन लागते. शिवाय ज्या अणुकेंद्राचा कोनीय संवेग शून्य आहे, त्यास प्रयोगशाळेच्या दृष्टीने कोणतीही विशिष्ट दिशा नसते. त्याचा आकार हा त्याच्या अंगभूत संदर्भचौकटीतला, प्रतिरूपाच्या साहाय्याने सांगितलेला आकार होय.

‘विदेशी’ हे तर निव्वळ शब्दशः भाषांतर. मुद्दा देशाचा नसून प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या प्रमाणाचा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भाभा अणुसंशोधन केंद्रासह उभारलेला पेलेट्रॉन त्वरक १९८८ मध्ये कार्यान्वित झाला. त्यावर आणि दिल्ली व कोलकाता येथील त्वरकांवर ‘इंडियन नॅशनल गॅमा ॲरे’ या जर्मेनियम शोधकांच्या संचाने आळीपाळीने प्रयोग झाले. स्थिर मूलद्रव्यांच्या शलाकांपासून संमीलनाने तेथे मिळतात ती बहुधा न्यूट्रॉन-न्यून अणुकेंद्रे. मॅग्नेशियम-३२ सारख्या न्यूट्रॉन-बहुल अणुकेंद्रांवर असे मापन करण्यास मात्र किरणोत्सारी शलाका लागतात. हे दोन भिन्न प्रदेश एका ‘विदेशी’ शब्दाखाली झाकले जातात. ‘स्थैर्यापासून दूरची अणुकेंद्रे’ ही संज्ञा लांब असली तरी सत्य आहे.

सामान्य वाचकासाठी एवढी काटेकोरी कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु सुबोधता म्हणजे पुराव्याचा लोप नव्हे. कळवणसारख्या गावातून मराठी माध्यमाने विज्ञानाकडे येणाऱ्या विद्यार्थ्याने ‘कशावरून?’ असे विचारावे, ही शिक्षणाची पहिली अपेक्षा. आरंभीच्या वाक्यात त्या प्रश्नास जागाच नाही. ‘स्थैर्यापासून दूरच्या अणुकेंद्रांनी उत्सर्जित केलेल्या गॅमा किरणांच्या मापनावरून त्यांच्या घडणीचे अनुमान करण्यात आले’ हे वाक्य कमी चटकदार आहे. पण ते त्या प्रश्नास वाव देते, आणि त्याच्या उत्तराची दिशाही दाखविते.