‘कोर्ट’ : तारखेचा धनी कोण?

चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ २०१४ साली व्हेनिसला गाजला. पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. तेव्हा पांढरपेशा समीक्षकांनी एकच पालुपद लावलं : यात कुणी खलनायक नाही, दोष सगळा व्यवस्थेचा. मला हे मान्य नाही. व्यवस्था काय खुर्चीत बसून तारीख देते? तारीख माणूस देतो, पगार घेऊन देतो.

गोष्ट साधी आहे. गटारात उतरणारा वासुदेव पवार मरतो. पोलीस धरतात लोकशाहीर नारायण कांबळेला. का, तर म्हणे त्याचं गाणं ऐकून कामगारानं जीव दिला! कांबळे झालेत वीरा साथीदार. नागपूरचे चळवळीतले, ‘विद्रोही’चे संपादक, २०२१ मध्ये कोरोनानं गेले. म्हणूनच हा शाहीर नट वाटत नाही, आपल्या वस्तीतला वाटतो.

मेलेल्याची बायको साक्षीला येते. नवरा दारू पिऊन उतरायचा, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजायचा, एक डोळा गॅसनं गेलेला. ती हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगते. आपल्या पोटात गोळा येतो. मग त्याला तसाच खाली पाठवला कुणी? २०१३ चा कायदा पाठवणाऱ्याला गुन्हेगार म्हणतो. पिंजऱ्यात मात्र शाहीरच.

ताम्हाणे जिंकतात ते कोर्टाचं रोजचं कामकाज दाखवताना. सरकारी वकीलबाई इंग्रजांच्या काळातली कलमं घडाघडा वाचतात. एका बाईचा खटला न्यायाधीश ऐकतच नाहीत, कारण तिच्या कपड्याला बाह्या नाहीत. शेवटी उन्हाळी सुट्टी लागते. दिवे जातात, पडदा काळा होतो. शाहीर आत, साहेब सहलीला, बाकावर डुलकी घेत.

खऱ्या कोर्टात रोजनामा असतो. त्यात लिहितात : साक्षीदार गैरहजर, पुढील तारीख. समन्स पोचलं का, नाही पोचलं तर कुणामुळं, हे विचारतो कोण? आमच्या खात्यात माग तासभर बंद राहिला तर जॉबर नाव विचारतो. इथं माणसाचं आयुष्य बंद पडतं, तरी नाव नाही. ‘कोर्ट’ म्हणजे कोर्टानं न लिहिलेला रोजनामा आहे, असं मी म्हणतो ते म्हणून.

माझी तक्रार पुढची आहे. सहलीतला न्यायाधीश बघून थेटरातले लोक हसतात आणि घरी जातात. त्याच्या वर कोण, त्याचं काम तपासतं कोण, हे चित्रपट दाखवत नाही. मग वाटतं, वर कुणीच नाही, चालायचंच. दोस्तहो, वर आहे! घटनेच्या २३५ व्या कलमानं खालच्या कोर्टांवर उच्च न्यायालयाचा ताबा आहे. खटला लवकर चालणं हा २१ व्या कलमातला हक्क, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७९ लाच हुसैनारा खातून प्रकरणात सांगितलं, बिहारच्या तुरुंगात सडणाऱ्या कच्च्या कैद्यांसाठी. खटला पुढे ढकलायचा तर कारण लिहा, असं फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३०९ वं कलम सांगायचं. १ जुलै २०२४ पासून तेच नागरिक सुरक्षा संहितेच्या ३४६ व्या कलमात आहे. म्हणजे जबाबदारीला पत्ता आहे. पत्र टाकणारा पाहिजे.

कुणी म्हणेल, हा न्यायालयाच्या स्वातंत्र्यात हात घालणं झालं. नाही. ते स्वातंत्र्य बाबासाहेबांच्या घटनेतलं आहे, आपल्यालाच त्याची जास्त गरज आहे. पण ते निकालाला आहे, ढिलाईला नाही.

तेव्हा ‘कोर्ट’ जरूर बघा, वस्तीत दाखवा. नंतर नुसती चर्चा नको. वस्तीतल्या ज्याच्या खटल्याला वर्षं लोटलीत, त्याच्या वकिलामार्फत रोजनाम्याची नक्कल काढा. तारखा मोजा. प्रत्येकीपुढं लिहा : कुणामुळं. आणि तो कागद जिल्हा न्यायाधीशांना, उच्च न्यायालयाच्या निबंधकांना धाडा, पोच घ्या.

जयभीम.